मिशाळीचं बाळंतपण

"आता जे सांगतो त्याच्यावर तुमच्यातला एकबी माणूस विश्वास ठेवणार न्हाई," मी म्हणालो. "ठेवूच नका. पण ह्या घरात, ह्या दोन हातांनी मी एका माशिणीचं बाळंतपण केलं हाय. आखाडा बाळापुरात सांगा, वारंगा फाट्यावर सांगा, कुणी हसलं तर माझ्याकडं धाडून द्या."

"माशिणीचं?" देविदासनं तंबाखू मळता मळता मान वर केली. "गेल्या साली मगरीचं केलं व्हतंस."

"मगरीचं बाळंतपण न्हाई, मगरीची दाढ काढली व्हती. ते वेगळं, हे वेगळं."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या पाठीमागच्या खोलीत टेबलावर काचेची पेटी होती आणि तिच्यावर ओलं गोणपाट चहूबाजूंनी नीट पांघरलेलं होतं. मी दारातच बसलो होतो, चौकट अडवून. आत जायचं तर मला ओलांडूनच जावं लागलं असतं.

एप्रिलची संध्याकाळ. ओट्यावर पाणी मारलं होतं तरी फरशीतून वाफ निघत होती. ओट्यावर देविदास होता, माझा नोकरीतला जोडीदार. आम्ही दोघांनी हयातभर इसापूरच्या कालव्यावर पाटकऱ्याची चाकरी केली. कुणाच्या शेताला पाणी सोडायचं आणि कुणाचं बंद करायचं, ते आमच्या हातात. माझी थाप पकडायची चाकरी तो तेव्हापासून बिनपगारी करतो. त्याच्या पलीकडं शेजारची शालूबाई, गल्लीतल्या बाळंतिणींना आणि लेकरांना न्हाऊ घालणारी. खाटेवर माझी बायको पद्माबाई, नांदेडला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून त्याच दुपारी परत आलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. आणि तिच्या पायाशी तिला घेऊन गेलेली आणि घेऊन आलेली आमची नात, दीक्षा.

दीक्षाच्या खांद्यावरची पिशवी अजून खाली उतरली नव्हती. एस्टीतून उतरल्या उतरल्या तिनं विचारलं होतं, "आबा, कसे हायेत माझे मासे?" आणि मी म्हणालो होतो, "आधी बस. पाणी पी. लई मोठी गोष्ट हाय, अन् ती ऐकल्याबिगर गोणपाट काढायचं न्हाई."

ती बसली. दुसरं कुणी बसलं नसतं.

गोष्ट सांगणाऱ्याला समोर हूं म्हणणारं एक माणूस लागतं. त्या हूं वर गोष्ट पुढं सरकते, जशी मोट बैलावर. आमच्या घरी ते काम दीक्षाचं. तिचे आईबाप चाकणला कंपनीत. पोरगी आमच्यापाशी वाढली, आणि दुधाचे दात होते तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला हूं म्हणत आली. देविदास थाप पकडायचा, पद्माबाई "पुरे झालं" म्हणायची, मुलगा उठून जायचा. ही मात्र कधी म्हणाली नाही की आबा, हे खोटं आहे. आता कळमनुरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. मगरीला दाढा नसतात हे तिला पुस्तकात भेटलं असणार. तरी मगरीच्या गोष्टीला हूं म्हणालीच.

"तर मंडळी," मी म्हणालो, "मासे कसले ते आधी सांगतो. शालूबाई, तू बघितले न्हाईस."

"कशाला बघू? खायचे हायेत का?"

"खायचं नाव काढू नको. बोटाएवढा जीव. आपल्या मांगूरचं धाकटं भावंड म्हण. तोंडाला मिशा, अंगावर मिरी भुरभुरल्यावानी ठिपके, अन् समदा दिवस तळाची वाळू हुंगत फिरते, कोंबडी उकिरडा उकरते तशी. त्याचं खरं नाव घ्यायला जीभ दोनदा अडखळती. मी आपला मिशाळ म्हणतो. अन् डोळा मारते हां!"

"कोण?"

"मासा! खालच्या अंगानं डोळा असा मिचकावते. पद्माबाईसमोर मला डोळा मारला मिशाळीनं. ईचार तिला."

"मला तवा दिसत न्हवतं," पद्माबाई म्हणाली.

"खरंय ते," दीक्षा हसून म्हणाली. "डोळा हलवतात ते. हूं, आबा."

तिचं ते हूं आलं. नेहमी त्यानं बळ येतं, ह्यावेळी आलं नाही.

हे मासे तिनं गेल्या दिवाळीत नांदेडहून पिशवीत पाणी भरून, पिशवी मांडीवर धरून आणले होते. त्यांच्या पोटी पिल्लं यावीत हा तिचा ध्यास. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या होत्या, हे मासे थंड पाण्याचे, आपल्या उन्हाळ्यात घरी अंडी घालतील असं वाटत नाही. झालं, पोरगी इरेला पेटली. माठाला गुंडाळतात तसं पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलं. माझ्या अळूच्या वाफ्यातली गांडुळं उकरून, धुऊन, बारीक चिरून त्यांना खाऊ घातली. माझ्या जेवणाकडं सुद्धा कुणी एवढं बघितलेलं नाही. एका मादीला दोन नर हवेत म्हणून पुन्हा नांदेडला जाऊन एक नर आणला. तळाला बारीक वाळू, कारण खड्यांनी मिशा झिजतात. आणि मार्च सरता सरता मिशाळीचं पोट दोन्ही अंगांनी फुगलं. आता कधीही, असं दीक्षा म्हणायला लागली, आणि नेमकी तेव्हाच पद्माबाईच्या डोळ्याची तारीख आली.

कॉलेजातल्या बाई पेटी सांभाळायला तयार होत्या. मुलानं फोनवर सांगितलं, आबाच्या भरोशावर काही ठेवू नको. मी आतल्या खोलीत होतो, फोन मोठ्या आवाजात होता, मला ऐकू आलं. दीक्षाचं उत्तरही ऐकू आलं. "आबाकडंच ठेवणार. आबा करतात."

जाताना तिनं मला पेटीपाशी उभं करून सांगितलं. रोज थोडं पाणी काढायचं आणि माठातलं गार पाणी हळूहळू घालायचं, म्हणजे पाऊस आल्यासारखं वाटून ते अंडी घालतील. बदामाच्या झाडाचं वाळकं पान पाण्यात टाकायचं, त्यानं अंड्यांना बुरशी लागत नाही. शाळेच्या आवारातली पानं तिनं गोळा करून ठेवली होती. अंडी दिसली तर त्यांना हात लावायचा नाही. "अन् लगेच मला फोन करा. पुढं काय करायचं ते मी सांगीन. दुसरं काही करू नका, आबा."

मी म्हणालो होतो, "पाण्यातलं मला शिकवते का? मी पाटकरी हाय."

"तर पोरीनं सांगितलं, पावसासारखं वाटू द्या," मी ओट्यावरच्यांना म्हणालो. "मी म्हणलं वाटू काहून देऊ, पाऊसच पाडतो. माठातलं पाणी घेतलं, चाळणीतून सोडलं. पाऊस झाला. पण गडगडाट? आतला तेलाचा रिकामा डबा घेतला अन् बदाबदा बडवला. अन् विजा पाहिजेत ना? देविदासचीच ब्याटरी घेतली अन् उघडझाप उघडझाप केली."

"माझी ब्याटरी? म्हणून सेल गेले व्हय!"

"आता ऐक. डबा असा वाजला असा वाजला, का गल्लीतल्या बायांनी गच्चीवरचे पापड उचलले. नालीतले बेडूक बोंबलाया लागले. नांदेड-हिंगोली गाडी स्टँडवर उभी व्हती, तिच्या कंडक्टरनं खिडक्या लावून घेतल्या!"

"पापड मी उचलले व्हते," शालूबाई म्हणाली. "तुमी डबा बडवून राहिले म्हणून न्हाई, माकडं आली व्हती म्हणून."

"माकडं कशाला आली? पाऊस येतो म्हणून झाडावरनं खाली आली."

देविदास खो खो हसला. दीक्षा पण हसली, गुडघ्यावर हनुवटी टेकवून. "हूं. मग?"

मग.

मग जे झालं ते मी कसं सांगितलं ते मला नीट आठवतं, कारण तेवढं सांगताना मी हात हलवले नाहीत.

"मग सकाळी उठून गोणपाट वर केलं," मी म्हणालो, "तर मिशाळी वाळूवर न्हवती. काचेपाशी व्हती. एक नर तिच्यापुढं आडवा झाला अन् ती त्याच्या पोटाला तोंड लावून थांबली. दोघं हलेनात. मला वाटलं मेले. मग ती सुटली. पोटाखालचे दोन पर असे जोडले व्हते तिनं, ओंजळ करतो तशी. त्या ओंजळीत अंडी घेऊन काचेवर चढली, थोडा वेळ काच तोंडानं चाटूनपुसून घेतली, अन् पोट टेकवून अंडी चिकटवली. पुन्हा खाली. पुन्हा वर. साबुदाणा भिजल्यावर दिसतो ना, तशी. तेवढाच बारीक. मी चहा घ्यायचा इसरलो."

"पोटाखाली ओंजळ!" देविदास म्हणाला. "जळबा, तू गड्या ह्यावेळी हद्द केली. मगरीची दाढ पटली एकवेळ. माशाची ओंजळ न्हाई पटत."

"अन् काच पुसून घेतली म्हणं," शालूबाई म्हणाली. "फडकं न्हाई मागितलं का तिनं?"

दोघं हसत राहिले. उभ्या जन्मात मी जे खरोखर बघितलं, ते असं हसण्यावारी गेलं. मला वाटलं, ह्याला तरी हसू नका रे. पण कोणत्या तोंडानं म्हणणार?

दीक्षा हसत नव्हती. तिचे डोळे मोठे झाले होते. ती पुढं सरकली. "आबा, खरंच? इंग्रजी टी अक्षरासारखे आडवे झाले? पर जोडून नेली अंडी? खरंच तुमी बघितलं?"

"बघितलं."

"मग फोन काहून न्हाई केला मला?"

आता ह्याचं काय सांगू? फोन उशापाशी होता. तिचं नाव त्यात पहिलंच आहे. पण मला वाटलं, फोन केला तर ते तिचं होईल. ती सांगेल तसं मी करीन, आणि करणारी ती राहील. मला ते दारात उभं राहून दाखवायचं होतं. ये, बघ, तुझ्या आबानं काय करून ठेवलंय. कालव्यावरच्या लोकांना, मुलाला, देविदासला. जन्मात एकदा अशी गोष्ट, जिला कुणी हूं म्हणायची गरज नाही, नुसतं बघायचं.

"फोन करणारच व्हतो," मी म्हणालो. "बटण दाबणार तेवढ्यात मिशाळीनं माझ्याकडं असं बघितलं. ओली बाळंतीण ती, म्हणली, आबा, इतक्यात बोभाटा करू नका."

"बोलली?"

"डोळ्यानं बोलली. डोळा मारणारीला बोलायला काय तकलीफ?"

"हूं," दीक्षा म्हणाली. पण ते हूं थोडं थांबून आलं, आणि बोलताना ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. मी चौकटीत जरा पसरून बसलो.

"झालं! बाळंतीण घरात, अन् घरातली बाई नांदेडला. आता बाळंतपण करणार कोण? मीच. मला कुठं येतंय? म्हणून गेलो शालूबाईकडं."

"आत्ता समजलं!" शालूबाईनं मांडीवर थाप मारली. "हा माणूस माझ्या दारात येऊन ईचारतो, बाळंतिणीला काय काय करतात गं? मी म्हणलं, कुणाची पोरगी आली जी बाळंतपणाला? तर म्हणे, घरातलीच हाय एक. मी दोन दिवस ईचार करून राहिले, जळबादादाच्या घरात कोण?"

"मग? खोटं सांगितलं का? घरातलीच व्हती."

"माशाचं हाय म्हणून सांगितलं असतं तर मी झाडूनं काढलं असतं तुमाला."

"म्हणून तर न्हाई सांगितलं. तर मंडळी, शालूबाई बोलली तसं समदं केलं. शेगडी पेटवली, ओव्याची धुरी दिली पेटीला. शेक दिला काचेला, बाहेरून. खारीक-खोबरं किसून चिमूटभर पाण्यात सोडलं. अहो, नर दोघं तोंड वासून बघून राहिले, आमाला काहून न्हाई म्हणून! मिशाळी कानाला फडकं बांधून बसली."

"माशाला कान कुठं?" देविदास.

"म्हणून तर बांधायला एवढा वेळ लागला!"

देविदास तंबाखू थुंकायला उठला तो हसत हसतच. मला वाटलं, निभलं. हसणं आलं की गोष्ट घसरत पुढं जाते. पण शालूबाई कपाळाला आठ्या घालून बसली होती. कामातलं कुणी चुकीचं सांगितलं की तिला बसवत नाही.

"ते शेक अन् धुरी मागून," ती म्हणाली. "न्हाणं आधी असतं. मी तुमाला पहिलं तेच सांगितलं व्हतं. निंबाचा पाला उकळायचा खळखळून, अन् त्या पाण्यानं बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. ते न्हाई सांगितलं तुमी."

मला ते पातेलं दिसलं. पाणी हिरवं होईस्तोवर उकळलेलं, मग निववलेलं, गाळलेलं. हातानं तपासून बघितलेलं, गार आहे ना, पोळणार नाही ना. वाटीवाटीनं ओतलं होतं मी, कडेकडेनं, तिच्या अंगावर धार पडू नये म्हणून.

"न्हाणं कशाला?" मी म्हणालो. "ती पाण्यातच तर राहते! जन्मभर न्हातच हाय. तिला आणखी काय न्हाऊ घालू?"

देविदास परत हसला. शालूबाईला मात्र ते पटलं. "व्हय, ते बी खरं," ती म्हणाली.

तेवढ्यात पद्माबाई बोलली. मान वर करून, चष्मा थोडा उचलून ती अंगणाकडं बघत होती. नव्या डोळ्यानं पहिल्यांदा आपलं अंगण बघत असावी.

"काय हो," ती म्हणाली, "आपल्या निंबाची खालची फांदी कुणी मोडली?"

"बकरीनं," मी म्हणालो. फार लवकर म्हणालो.

"कुणाची बकरी?"

"शालूबाईची."

"माझी बकरी?" शालूबाई ताठ बसली. "माझी बकरी लेकीकडं धाडून दोन महिने झाले! पद्माबाईला ठाव हाय."

"मग... दुसऱ्या कुणाची असल. बकऱ्या काय कमी हायेत गावात?"

"अन् फांदी किती वर व्हती ती," पद्माबाई म्हणाली. "मला हात पुरत नव्हता."

कुणी हसलं नाही. मी दीक्षाकडं बघितलं नाही, पण ती माझ्याकडं बघत होती हे मला कळलं. हूं आलं नाही. मी वाट बघितली.

हूं नसलं की गोष्ट थांबवावी. हे मी स्वतः कितीक जणांना सांगितलं आहे. पण मला थांबता येईना. थांबलो तर ती उठणार आणि आत जाणार.

"तर पुढं ऐका!" मी म्हणालो, आवाज चढवून. "पिल्लं निघाली! एकेक पिल्लू म्हणजे स्वल्पविराम. नुसतं डोकं अन् शेपूट. पण मिशा हां, जन्मतः मिशा! मिशाळी पुढं, पिल्लं मागं, अशी रांग लावून पेटीत फिरून राहिली. मी म्हणलं, आता दीक्षा आली की डोळ्यांचं पारणं फिटतं. पण तुमाला सांगतो, मी केलेला तो पाऊस, तो डबा, त्या विजा, ते वरच्या ढगानं ऐकलं ना! त्याला वाटलं आपल्या जातीचं कुणी खाली बोंबलून राहिलं. आला की धावून!"

"एप्रिलात?" देविदास म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. त्यानं एकदा दीक्षाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "जाऊ दे जळबा. पोरगी दमून आली. उद्या सांग बाकीचं."

देविदासनं मला थाप अर्धी सोडायला सांगितलं, असं पहिल्यांदाच घडलं. मला तेच सहन झालं नाही.

"उद्या काहून? आजच सांगतो! असा पाऊस आला, असा आला, की पाणी नालीतून दारात, दारातून घरात!" मी उठून उभा राहिलो. पुराचं पाणी बसून दाखवता येत नाही. "हे एवढं! गुडघ्याला! पेटी तरंगाया लागली. मिशाळीनं मान वर काढली अन् बघितलं, समोर समदा गाव पाण्यात. तिच्या नदीची आठवण आली तिला, कुठल्या देशातली कोण जाणे. मारली उडी! तिच्यामागं नर, त्यांच्यामागं पिल्लं, एकामागं एक, पटापटा, शाळा सुटल्यावानी. मी म्हणलं अगं थांब, पोरगी येईल, तिला भेटून जा. तर थांबली बरं का. ह्या ह्या पायरीवर थांबली."

मी पायरी दाखवायला ओट्याच्या कडेपर्यंत गेलो. दोन्ही हातांनी लाट दाखवत, पाय भिजू नयेत म्हणून धोतर वर धरत. पायरी उतरलो. अंगणातून पलीकडच्या ओढ्याकडं बोट केलं.

"अन् म्हणली, दीक्षाला सांगा, तिनं लई केलं माझं. गांडुळं चारली, गोणपाट ओलं ठेवलं. माझ्या लेकरांना मोठं पाणी दाखवायला नेऊन राहिले, इसापूरच्या धरणात. कधी तिकडं आली तर काठावर उभं राहून हाक मार म्हणावं. अन् मला डोळा मारला, अन् गेली. हा असा भोवरा झाला पाण्यात, अन् गेली..."

माझा हात ओढ्याकडंच होता. ओढा कोरडा ठणठणीत; त्यात कुणाचंतरी जुनं चप्पल आणि बाभळीच्या शेंगा. पाठीमागं कुणी हसेना. मी वळून बघितलं.

दीक्षाची पिशवी ओट्यावर होती. दीक्षा नव्हती. मी जी चौकट एवढा वेळ अडवून बसलो होतो, ती मोकळी होती, मीच मोकळी करून अंगणात आलो होतो, धोतर वर धरून.

आत गोणपाटाचं पाणी फरशीवर ठिबकल्याचा आवाज आला. पद्माबाई खाटेवरून उठली नाही. शालूबाईनं पदर तोंडाला लावला होता. तिला समजलं होतं. देविदास जमिनीकडं बघत होता.

पेटी मी धुवायला पाहिजे होती. निंबाच्या त्या पाण्यानं मेलेली मिशाळी आणि दोन्ही नर मी निंबाखाली पुरले, पाणी बदललं, पातेलं घासून ठेवलं. काच तेवढी पुसली नाही. फडकं दोनदा हातात घेतलं होतं. पण दीक्षा म्हणाली होती ना, अंड्यांना हात लावायचा नाही. तिचं तेवढं एक तरी ऐकावं म्हणून मी ती तशीच ठेवली होती.

"आबा," आतून दीक्षाचा आवाज आला.

मी पायरीवर होतो. धोतर अजून हातातच होतं.

"पिल्लं घेऊन गेली म्हणालात ना ती?" ती दारात आली. तिच्या बोटाच्या पेरावर निंबाचं एक बारीक पान चिकटलेलं होतं, ते तिनं मला दाखवलं नाही, नुसतं बोटावर राहू दिलं. "पिल्लं निघालीच न्हाईत. अंडी काचेला तशीच हायेत, समदी पांढरी पडलेली. अंडी खरी हायेत, आबा. बाकी समदं खोटं हाय."